पाय ओढला, पण कळलं का?

कंपनीच्या ॲन्युअल हेल्थ चेकअपमध्ये एक आयटम हमखास असतो. आपण टेबलाच्या कडेला पाय लोंबकळत सोडून बसलेलो असतो, डॉक्टर गुडघ्याच्या वाटीखाली रबरी हातोडीने टक् करतात आणि पाय आपल्याला न विचारताच पुढे उडतो. आपण हसतो, डॉक्टर फॉर्मवर टिक करतात, नेक्स्ट! शाळेत याला ‘प्रतिक्षिप्त क्रिया’ म्हणायचे. दोन मार्कांचा प्रश्न. परीक्षा संपली, विषय संपला.

तर मंडळी, आजच्या कॉलमचा विषय तोच दोन मार्कांचा प्रश्न आहे. फक्त पाय आपला नाही. कुत्र्याचा आहे, गाईचा आहे, बैलाचा आहे. आणि त्यांच्या बाबतीत या प्रश्नाच्या उत्तरावरून जनावर वाचवायचं की त्याला निरोप द्यायचा हे ठरतं.

नसरापूर तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असणार. राजगडला जाणाऱ्या ट्रेकर्सना तर नक्कीच. खेड शिवापूरचा टोलनाका गेला की पुढे चेलाडी फाटा, तिथून उजवीकडे आत नसरापूर. बनेश्वरचं देऊळ, त्याच्या मागची झाडी, शिवगंगेचा धबधबा, आणि तसंच पुढे गेलं की मार्गासनीवरून राजगडाची वाट. फाट्यावर चहा-भज्यांच्या टपऱ्या, हायवेला ढाबे, सुसाट ट्रॅफिक आणि या सगळ्यामधून वाट काढणारी कुत्री.

वीकेण्डच्या खाण्याच्या जागांवर एक स्टोरी करायला मी तिकडे गेले होते. एका छोट्या ढाब्याच्या मागे गोणपाटावर एक तांबूस कुत्रा पडला होता. नाव वाघ्या. पहाटे कुठल्यातरी गाडीने उडवलं होतं. ढाबा चालवणाऱ्या मावशी, त्यांचा सातवीतला मुलगा, दोन वेटर, सगळे भोवती गोळा झालेले. तेवढ्यात बाईकवरून जनावरांचे डॉक्टर आले. पन्नाशीचे, पँटचे पाय शेणामातीने माखलेले, म्हणजे सकाळी कुठल्यातरी गोठ्यातून थेट इकडेच.

“रेबीजचं इंजेक्शन दिलंय का याला?” हा त्यांचा पहिला प्रश्न. दिलेलं होतं. मग ते खाली बसले.

वाघ्याचे पुढचे दोन्ही पाय काठीसारखे ताठ झाले होते आणि मागचे दोन्ही लुळे. बघणाऱ्याला वाटावं चारही पाय गेले. डॉक्टरांनी मुलाला हाक मारायला सांगितलं. वाघ्याने मान उचलली, पुढचा पंजा त्याच्याकडे सरकवला. शेपटी मात्र हलली नाही. मग डॉक्टरांनी खिशातून छोटी हातोडी काढली आणि मागच्या पायाच्या वाटीखाली टक् केलं. तीच हेल्थ चेकअपवाली टेस्ट. पाय जोरात उडाला. मग त्यांनी आर्टरी फोर्सेप, म्हणजे ऑपरेशनमधला तो कात्रीसारखा चिमटा घेतला, मागच्या पायाचं एक बोट त्यात धरलं आणि दाबलं. झटदिशी पाय आत ओढला गेला.

“ओढला! आई, पाय ओढला! बरा होणार वाघ्या!” मुलगा जवळजवळ नाचलाच.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, “ओढला खरा. पण आता पायाकडं बघू नको. तोंडाकडं बघ.” त्यांनी पुन्हा बोट दाबलं, या वेळी चांगलंच जोरात. पाय पुन्हा आत गेला. वाघ्या मुलाचा हात चाटत होता. चाटतच राहिला. मागे वळून बघितलं नाही, केकाटला नाही, कान हलले नाहीत, डोळ्यांच्या बाहुल्यासुद्धा तशाच.

हा सगळा प्रकार नीट समजून घेण्यासाठी आपल्या हाऊसिंग सोसायटीचं उदाहरण घेऊ. गेटवर वॉचमन असतो. कुणी आलं की तो गेट उघडतो, संशयास्पद वाटलं तर बंद करतो. त्यासाठी तो प्रत्येक वेळी पाचव्या मजल्यावरच्या सेक्रेटरींना विचारत बसत नाही. पण इंटरकॉमवरून त्यांना कळवतो. शरीरातही असंच आहे. पायाला चिमटा बसला की निरोप नसेतून पाठीच्या कण्यात, म्हणजे मज्जारज्जूत पोचतो. तिथल्या तिथे हुकूम सुटतो, ‘पाय मागे घे.’ पाय मागे येतो. मेंदूला निरोप जातो तो वेगळ्या वाटेने, मज्जारज्जूतून वर. आता समजा, इंटरकॉमची वायर मधेच तुटली. वॉचमन गेट उघडतोय, बंद करतोय, सगळं चालू आहे. पण वर कुणालाच काही कळत नाही.

वाघ्याच्या पाठीत नेमकी हीच वायर तुटली होती.

आणखी एक गंमत. सेक्रेटरींचं एक काम वॉचमनला आवरायचंही असतं. तो दाब गेला की वॉचमन जरा जास्तच जोशात येतो. म्हणूनच वायर वरच्या बाजूला तुटली की खालच्या पायाचा गुडघ्याचा झटका कमी व्हायच्या ऐवजी नेहमीपेक्षा जोरदार होऊ शकतो. बघणाऱ्याला वाटतं, वा, पायात किती ताकद आहे! पुढच्या पायांच्या ताठपणाचाही खुलासा याच हिशेबात आहे. कुत्र्याच्या कमरेच्या भागातल्या काही पेशी पुढच्या पायांच्या स्नायूंना सैल ठेवायचा निरोप वर पाठवत असतात. तो निरोप मधे अडकला की पुढचे पाय ताठ होतात, पण ते निकामी नसतात. या अवस्थेला शिफ-शेरिंग्टन म्हणतात. दिसायला भयंकर, पण एवढ्यावरून जनावराचं पुढे काय होणार हे सांगता येत नाही.

यातले शेरिंग्टन म्हणजे इंग्लंडचे चार्ल्स शेरिंग्टन. हातोडीचा गुडघ्याचा झटका १८७५ साली जर्मनीत एर्ब आणि वेस्टफाल या दोघांनी स्वतंत्रपणे नोंदवला होता, पण त्यामागचं नसांचं वायरिंग उलगडण्यात शेरिंग्टन यांचा वाटा मोठा. १८९१ मध्ये ते लंडनच्या ब्राऊन इन्स्टिट्यूशनचे प्रमुख झाले. तिथे जनावरांवर उपचारही होत आणि संशोधनही. मेंदूशी संबंध तुटलेल्या मज्जारज्जूवरही कुत्रा अंग खाजवल्यासारखा मागचा पाय तालात हलवतो, हे त्यांनी बारकाईने अभ्यासलं. १९३२ साली त्यांना एडगर एड्रियन यांच्याबरोबर नोबेल मिळालं. थोडक्यात, हे ज्ञान जनावरांकडून माणसांच्या डॉक्टरांकडे आलेलं आहे. आपण हातोडी खाऊन हसतो, त्याची उधारी त्या कुत्र्यांकडे आहे.

आता तुम्ही म्हणाल, एमआरआय करायचा ना, हातोडी-चिमट्याने काय कळणार? बरंच कळतं. कुत्र्याच्या मानेत सात मणके, छातीत तेरा, कमरेत सात आणि त्याखाली एकमेकांना जुळलेले तीन. पुढच्या पायांच्या नसा मान आणि छाती जिथे भेटतात तिथून निघतात. मागच्या पायांच्या नसा कमरेच्या आणि त्याखालच्या भागातून. म्हणजे मज्जारज्जूचे चार पट्टे झाले: मानेचा वरचा भाग, पुढच्या पायांचं ठाणं, मधली पाठ आणि मागच्या पायांचं ठाणं. पुढचे पाय काम करताहेत, मागचे लुळे आहेत, पण मागच्या पायांचे झटके शाबूत किंवा जोरदार आहेत, तर दुखापत मधल्या पाठीत. मागचे पाय लुळे आणि झटकेही गायब, तर खुद्द मागच्या पायांच्या ठाण्यातच मार बसलाय, वॉचमनच राहिला नाही. अशा पायाचे स्नायू पुढच्या एक-दोन आठवड्यांत झपाट्याने सुकायला लागतात.

नेमकी जागा शोधायला डॉक्टरांनी आणखी एक साधी युक्ती केली. वाघ्याच्या कमरेपासून मानेकडे कण्याच्या दोन्ही बाजूंची कातडी ते चिमटीत धरत वर वर गेले. एका जागेपर्यंत काहीच नाही. त्याच्या वर मात्र चिमटा बसला की कातडी थरथरायची. गाईच्या अंगावर माशी बसली की ती शेपटी न हलवता तेवढीच कातडी थरथरवते, बघितलंय ना? तीच यंत्रणा. ही थरथर जिथे बंद पडते, त्याच्या थोडंसं मानेच्या बाजूला दुखापत असते. एक रुपया खर्च न करता डॉक्टरांनी जागा दाखवली. नंतर काढलेल्या एक्स-रेमध्ये मणका तिथेच सरकलेला निघाला.

पण जागेपेक्षा मोठा प्रश्न असतो तो दुखणं कळतंय का, हा. डॉक्टर लोक याला ‘डीप पेन’ म्हणतात. बोटाच्या हाडापर्यंत पोचेल असा चिमटा काढायचा आणि बघायचं, जनावर वळून बघतं का, ओरडतं का, चावायला येतं का. हलका चिमटा कळत असेल तर जोराचा काढायची गरजच नाही. मज्जारज्जूत दुखण्याचा हा निरोप नेणाऱ्या वाटा खोलवर आणि दोन्ही बाजूंना पसरलेल्या असतात, त्यामुळे त्या सगळ्यात शेवटी बंद पडतात. त्या बंद पडल्या म्हणजे मार आरपार आहे.

याची दुसरी बाजू मी कोथरूडला बघितलीय. माझ्या एका मैत्रिणीचा डॅक्सहुंड एका रात्रीत मागच्या दोन्ही पायांनी लुळा पडला. लांब पाठ आणि आखूड पाय ही या जातीची ओळख. पायांच्या या आखूडपणाशी जोडलेला एक जनुकीय बदल मणक्यांमधल्या गाद्या लवकर कडक करतो, हे २०१७ मध्ये संशोधकांनी दाखवलं. अशी कडक गादी फुटून वर आली की मज्जारज्जू दाबला जातो. मैत्रीण रडून अर्धी झालेली. डॉक्टरांनी चिमटा काढला आणि त्या साहेबांनी वळून त्यांच्या हातावर दात मारले. डॉक्टर हात झटकत हसले, “छान! आता बोलू ऑपरेशनचं.” आज तो साहेब जरा डुलत का होईना, पण चालतो. गादी सरकलेल्या कुत्र्यांत डीप पेन शिल्लक असेल तर ऑपरेशननंतर दहातली नऊच्या आसपास पुन्हा चालायला लागतात. ते गेलं असेल तर साधारण निम्मी. आणि अपघातात मणकाच मोडून सरकला असेल, वर डीप पेनही नसेल, तर आशा फारच थोडी उरते.

वाघ्या या शेवटच्या गटात होता. डॉक्टरांनी मावशींना सगळं स्पष्ट सांगितलं. लघवी आपली आपण होणार नाही, दिवसातून तीन-चार वेळा पोट दाबून करवावी लागेल. एका जागी पडून जखमा होतील. काही कुत्री काही महिन्यांनी नुसत्या मज्जारज्जूच्या जोरावर अडखळत चालायला शिकतातही, पण त्यासाठी घरात सतत कुणीतरी पाहिजे, आणि इथे तर मणकाच जागेवर नाही. मावशींनी दोन दिवस मागून घेतले. मी नंतर फोन केला तेव्हा कळलं की तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी येऊन त्याला शांतपणे झोपवलं. त्या म्हणाल्या, “पोरगं दोन दिस त्याचा पाय दाबून बघत हुतं. पाय हालायचा ना. हलता पाय बघून माझ्या तोंडातून हो निघंना.”

ही अडचण त्या एका घराची नाही. पाय हलतोय म्हणून आठवडाभर मालिश, मग कुणीतरी सांगितलेलं तेल, मग अजून एक इंजेक्शन, असं करत जनावर घरोघरी झिजत राहतं. आणि उलटही होतं. पाय अजिबात हलत नाही म्हणून ज्याला सोडून दिलं जातं, त्याला कदाचित सगळं कळत असतं आणि तो वाचण्यासारखा असतो. दोन्हीकडे चूक एकाच जागी होते. आपण पाय बघतो.

पुढच्या पायाची गोष्ट थोडी वेगळी. हायवेवर एक पाय फरफटत, पंजाची वरची बाजू जमिनीला घासत चालणारी कुत्री तुम्ही पाहिली असतील. गाडीच्या धक्क्याने खांदा शरीरापासून ओढला जातो आणि पुढच्या पायाच्या नसांचा जुडगा मज्जारज्जूतून मुळासकट उपटला जातो. यात रेडियल नस गेली की कोपर ताठ ठेवता येत नाही, त्यामुळे पायावर भार घेता येत नाही. गंमत म्हणजे अशा वेळी डॉक्टर डोळासुद्धा बघतात. त्याच बाजूची बाहुली बारीक झाली असेल, पापणी उतरली असेल, तर नसा अगदी मुळापाशी तुटल्यात असं समजायचं, कारण डोळ्याकडे जाणारी एक तार तिथूनच निघते. असा पाय सहसा परत येत नाही. शेवटी तो काढावा लागतो आणि तीन पायांवर कुत्रा मजेत पळतो. बाईकवाल्यांनो, तुम्ही पण ऐका. बाईकवरून खांद्यावर पडून मान दुसरीकडे झटकली गेली की माणसाच्या हातालाही नेमकं हेच होतं.

भोर-वेल्ह्याचा हा पट्टा भाताचा. इथल्या डॉक्टरांचं मुख्य काम गाईबैलांचंच. बैलाच्या फऱ्याच्या पुढच्या कडेवरून एक नस जाते, खांद्याच्या स्नायूंना पुरवठा करणारी. तिथे जोराचा मार बसला, ओझं ओढताना जबर हिसका बसला, तर खांद्याचे स्नायू सुकतात आणि मधलं हाड वर दिसायला लागतं. घोड्यांत गळपट्ट्याच्या दाबाने असं होतं, हे तर जुनं दुखणं. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करतात, बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळतात. वर्षभर जू वाहणाऱ्या खांद्यावर त्या दिवशी हात फिरतो. तो हात फिरवताना दोन्ही खांदे सारखे भरलेत का, एवढं चाचपलं तरी पुष्कळ.

गाईंचं वेगळंच. वासरू मोठं असलं, वेताला वेळ लागला की कमरेच्या आतल्या हाडावर मांड्या जवळ ठेवणारी नस दाबली जाते, सोबत मागच्या पायाची मुख्य नसही. गाय व्यायल्यावर उठत नाही, उठली तर गुळगुळीत कोब्यावर मागचे पाय फाकून बसते. घरचे म्हणतात, अशक्तपणा. कधी कॅल्शियम कमी झालेलं असतं, ते सलाईनने भरून येतं. पण नस दाबली असेल तर औषधापेक्षा सेवा मोठी. खाली जाड पेंढा किंवा माती, दर काही तासांनी कूस बदलणं, मागचे पाय फाकू नयेत म्हणून दोरीने थोडं अंतर ठेवून बांधणं. कोब्यावर एकाच कुशीवर पडून राहिली तर तिच्याच वजनाने दुसरी नस जाते आणि मूळ दुखणं बरं होऊनही गाय उठत नाही.

आता तुमच्या-माझ्या कामाचं. वीकेण्डला याच रस्त्याने जाताना समोर असं कुत्रं पडलेलं दिसलं, तर काय करायचं? आधी गाडी बाजूला घ्या, इंडिकेटर लावा. अनोळखी कुत्र्याला उघड्या हाताने तोंडाशी हात लावू नका. अपघाताची खूण नाही, जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, मागचे पाय लुळे आहेत, तर आधी रेबीजचा संशय धरा. लांब राहा आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. चावलं किंवा जखमेला लाळ लागली तर साबणाने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी इंजेक्शन. अपघातच असेल तर ओढणीने तोंड सैलसर बांधा, श्वास नीट चालतोय हे बघा, आणि पाय धरून उचलू नका. फळी, गाडीतलं मॅट, जाड चादर, काहीतरी खाली सरकवून पाठ सरळ ठेवून न्या. आपल्या पर्समधली आयबुप्रोफेन वगैरे गोळी कुत्र्याला अजिबात नको, ती त्याला विषासारखी ठरू शकते. याच हायवेने पुढे नीरा ओलांडली की शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गाई-म्हशींसाठी सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल-फ्री नंबर १९६२. मोबाईलमध्ये आत्ताच सेव्ह करा.

आणि घरात कुत्रं असेल तर डॉक्टरांना विचारायचा एक प्रश्न लक्षात ठेवा. पाय हलतोय का, हे तुम्हालाही दिसतं. तुम्ही विचारा, “डॉक्टर, त्याला कळतंय का?” मग चिमटा काढला जात असताना पायाकडे पाहू नका. मान खाली घालून त्याच्या डोळ्यांत बघा.